आठवड्यातून किती दिवस वजनं उचलायची? नवख्यांसाठी पायरी-पायरीने हिशोब

जिममध्ये नाव घातलं की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी एक वेळापत्रक हातात पडतं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी दंड, शनिवारी पोट, रविवारी सुट्टी. दिसायला झकास. प्रत्येक स्नायूला आपापला वार मिळाला, कोणावर अन्याय नाही. पण नवख्या माणसाला यात दोन अडचणी येतात. सोमवारी छातीला काम मिळालं की पुढे आठवडाभर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि गुरुवारी काही कारणाने जाणं चुकलं की पायांची पाळी थेट चौदा दिवसांनी येते. (चुकणारा वार नेमका पायांचाच का असतो, हे कोडं कुठल्याच जिममध्ये सुटलेलं नाही.)

हे वेळापत्रक मुळात अशा लोकांसाठी आहे, ज्यांची व्यायामात वर्षं गेली आहेत आणि ज्यांना एकेका स्नायूला भरपूर सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या उचलींचा एक संच) द्यावे लागतात. तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत असाल, तर आधी 'दिवस किती' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. एका स्नायूला आठवडाभरात मिळून मनापासून केलेले किती सेट मिळतात, हे आधी ठरवायचं. दिवसांचा प्रश्न त्यानंतरचा: ते सेट किती वारांत वाटायचे?

इथेच आणखी एक गफलत दूर करू. तुम्ही जिमला किती दिवस जाता हा एक आकडा, आणि तुमच्या मांडीला किंवा पाठीला आठवड्यात किती वेळा काम मिळतं हा वेगळा आकडा. वरच्या वेळापत्रकातला माणूस सहा दिवस जातो, पण त्याच्या छातीचा आकडा एक. तीन दिवस जाऊन प्रत्येक वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करणाऱ्याचा आकडा तीन. या लेखात महत्त्व आहे ते दुसऱ्या आकड्याला.

शरीरात काय घडतं, आणि अभ्यास काय सांगतात

वजन उचलून झालं की त्या स्नायूत प्रथिनं बांधण्याचा वेग वाढतो. १९९५ साली कॅनडातल्या संशोधकांनी तरुण पुरुषांच्या दंडावर हे मोजलं. व्यायामानंतर ४ तासांनी हा वेग ५० टक्क्यांनी वाढलेला होता, २४ तासांनी १०९ टक्क्यांनी, आणि ३६ तासांनी तो जवळपास मूळपदावर आला होता. १९९७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात सराव नसलेल्या लोकांमध्ये ४८ तासांनंतरही वेग ३४ टक्के जास्त दिसला. थोडक्यात, एका व्यायामाचा परिणाम दीड-दोन दिवस चालतो आणि मग ओसरतो.

यावरून कोणीही म्हणेल, मग दर दोन दिवसांनी तोच स्नायू पुन्हा कामाला लावा, झालं! पण घोडं इथेच पेंड खातं. काही तासांचं मोजमाप आणि काही महिन्यांनी टेपने मोजलेला दंड यांचा ताळमेळ इतका सरळ बसत नाही.

व्यायाम-संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आठवड्यातून एकदा काम मिळालेल्या स्नायूपेक्षा दोनदा काम मिळालेला स्नायू जास्त वाढतो असं दिसलं. २०१९ साली शोनफेल्ड, ग्रगिच आणि क्रीगर यांनी २५ अभ्यास घेऊन तोच प्रश्न पुन्हा तपासला. आठवड्याचं एकूण काम सारखं ठेवलं, की दिवसांच्या संख्येने स्नायूंच्या वाढीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. ताकदीचंही तसंच. ग्रगिच यांच्या २०१८ सालच्या २२ अभ्यासांच्या आढाव्यात जास्त दिवस म्हणजे जास्त ताकद असं वरवर दिसत होतं, पण एकूण काम सारखं करून पाहिल्यावर तो फरक बराचसा विरला. दिवस वाढवले की लोक नकळत काम वाढवतात, आणि श्रेय मात्र दिवसांना मिळतं.

सगळेच अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही खरं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराव असलेल्या लोकांचे दोन गट केले होते. आठवड्याचे सेट दोघांनाही सारखेच, पण एका गटाने ते एकाच दिवशी उरकले आणि दुसऱ्याने तीन दिवसांत वाटून केले. एका दिवशी उरकणाऱ्यांची ताकद तीन दिवसवाल्यांच्या सुमारे ६२ टक्केच वाढली. अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावर इमारत उभी करू नये. पण ताकदीच्या बाबतीत काम वाटून करण्याचा थोडा फायदा का व्हावा, हे समजायला अवघड नाही. ताकद फक्त स्नायूच्या जाडीत नसते. स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन बसून उठणं, हे एक कौशल्य आहे आणि त्याला रियाज लागतो. मोरितानी आणि डिव्हरीज यांनी १९७९ सालीच दाखवून दिलं होतं की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायूची जाडी त्यामागून येते. म्हणून पहिल्या महिन्यात वजन भराभर वाढतं आणि आरशात मात्र फारसं काही दिसत नाही. हे असंच होतं, घाबरू नका.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

पायरी १: वाईट आठवड्यात जमतील एवढेच दिवस ठरवा

उत्साहाच्या भरात दिवस ठरवू नका. गेल्या महिनाभरातला सगळ्यात धावपळीचा आठवडा आठवा. त्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा तासभर काढता आला असता? तोच तुमचा आकडा.

तीन निघाला तर उत्तम. दोन निघाला तरी चांगलंच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या प्रमुख स्नायूंचा व्यायाम करायला सांगतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ साली नवख्यांसाठी २ ते ३ दिवस, मधल्या टप्प्यावरच्यांसाठी ३ ते ४ आणि मुरलेल्यांसाठी ४ ते ५ दिवस सुचवले होते. यात नवख्यांसाठी सहा दिवस कुठेच नाहीत.

आणि एकच दिवस निघाला तर? एक दिवस करा. नवख्या शरीराला एका दिवसाचाही उपयोग होतो. फक्त त्या दिवशी एकाच स्नायूच्या मागे न लागता सगळं अंग घ्या.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाकी स्त्री असो की पुरुष, खालचा हिशोब बदलत नाही.

पायरी २: हालचाली निवडा

शरीरात शेकडो स्नायू आहेत. प्रत्येकाला वेगळा व्यायाम द्यायला गेलात तर एक ना धड भाराभर चिंध्या. त्याऐवजी पाच हालचाली धरा: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि धड ताठ धरून ठेवणं. यांत जवळपास सगळं अंग येतं.

दोन याद्या करू.

अ: डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं), एका हाताने डंबेल रो (वाकून वजन कमरेकडे ओढणं), प्लँक (पालथं होऊन कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर धड ताठ धरणं).

ब: रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं), उभं राहून डोक्यावर डंबेल प्रेस, लॅट पुलडाउन (बसून डोक्यावरचा दांडा छातीकडे ओढणं), लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणं).

तीन दिवस जाणार असाल तर पहिल्या आठवड्यात अ-ब-अ, दुसऱ्यात ब-अ-ब. दोन दिवस जाणार असाल तर एकदा अ, एकदा ब. घरीच करत असाल तर बेंचच्या जागी पुश-अप आणि पुलडाउनच्या जागी रबर बँड दाराला अडकवून ओढा. दार पक्कं बंद आहे ना, ते आधी बघून घ्या.

बायसेप कर्ल (दंडाच्या पुढच्या स्नायूसाठी कोपरातून वजन उचलणं) कुठे आहे, असा प्रश्न येणारच. हवा तर शेवटी दोन सेट मारा, कोणी अडवलेलं नाही. पण ओढण्याच्या प्रत्येक व्यायामात बायसेप राबतच असतो.

पायरी ३: सेट मोजा, आणि खरे मोजा

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट. हालचाल अंगवळणी पडू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट.

आता वरच्या तीन दिवसांच्या वेळापत्रकात कोणाच्या वाट्याला काय येतं ते पाहू. दोन आठवड्यांत तीनदा अ आणि तीनदा ब होतं. पाठीला रोचे ९ आणि पुलडाउनचे ९, म्हणजे दोन आठवड्यांत १८ सेट, आठवड्याला ९. मांडीच्या पुढच्या बाजूला स्क्वॉट आणि लंजेस मिळून तेवढेच. छातीला मात्र फक्त बेंचचे ९ सेट, म्हणजे आठवड्याला साडेचारच. खांद्याच्या प्रेसमध्ये छाती थोडीफार मदत करते, पण ती धरायची नाही. तेव्हा ब दिवशी शेवटी पुश-अपचे दोन सेट जोडले की छाती साडेसातवर जाते.

हा हिशोब कंटाळवाणा वाटेल, पण करायचा तो इथेच. कागदावर संतुलित दिसणाऱ्या वेळापत्रकात एखादा स्नायू उपाशी राहतो तो असा, आणि मग माणूस दिवस वाढवत बसतो. खरं तर दोन सेट हललेले पुरतात.

किती सेट पुरेसे? २०१७ साली शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात आठवड्याला एका स्नायूला १० किंवा जास्त सेट देणाऱ्यांची वाढ सगळ्यात चांगली, ५ ते ९ वाल्यांची त्याखाली आणि ५ पेक्षा कमीवाल्यांची त्याहून कमी दिसली. पण कमी सेटवाल्यांचीही वाढ होतेच, हे विसरू नका. नवख्याने ६ ते ९ वर सुरुवात करावी आणि गरज पडली तर काही महिन्यांत १०-१२ पर्यंत जावं. पहिल्याच आठवड्यात २० सेट मारणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

मदतनीस स्नायूंचा सेट मी अर्धा धरतो. बेंचचे सहा सेट झाले तर ट्रायसेपच्या (दंडाच्या मागच्या स्नायूच्या) खात्यात तीन. हे काही शास्त्र नव्हे, पण हिशोब सोपा होतो.

आता दिवसांचा मुद्दा. एकाच बैठकीत एका स्नायूचे सहा-आठ दमदार सेट झाले की पुढचे सेट नुसते हजेरी लावणारे होतात. पहिल्या सेटला १० वेळा उचललेलं वजन नवव्या सेटला ५ वेळाही उचलत नाही, पाठ वाकडी व्हायला लागते, लक्ष घड्याळाकडे जातं. म्हणून आठवड्याचे बारा सेट असतील तर ते एका दिवशी रेटण्यापेक्षा सहा-सहा किंवा चार-चार केलेले बरे. दिवस वाटण्यामागचं सगळ्यात भक्कम कारण हेच. शरीराला वारांची खबर नसते. आठवा सेट मात्र दमलेल्या हातांनी होतो.

पायरी ४: सेट दमदार करा

सेट मोजायचे तर त्यात दम हवा. डंबेल रो घ्या. एक हात आणि गुडघा बाकावर, दुसऱ्या हातात वजन. कोपर कमरेकडे ओढायचं, क्षणभर थांबायचं, सावकाश खाली सोडायचं. पहिले पाच-सहा रेप (रेप म्हणजे एकेक उचल) सरळ जातात. सातव्याला वेग थोडा कमी होतो. नवव्याला तुम्ही तेवढाच जोर लावता, पण डंबेल निम्म्या वेगाने वर येतं आणि वर थांबवणं अवघड जातं. दहाव्याला खांदा कानाकडे सरकायला बघतो. तिथे थांबा. अंदाजे आणखी दोन रेप निघाले असते, पण वेडेवाकडे. असा एक ते तीन रेप शिल्लक ठेवून संपवलेला सेट खरा. दहा रेप झाल्यावर तुम्ही आणखी दहा आरामात मारू शकत असाल, तर तो वॉर्मअप होता, वहीत धरू नका.

सुरुवातीला ८ ते १२ रेप ठेवा. स्नायू वाढवण्यासाठी रेपची मर्यादा बरीच सैल आहे. शेवट जवळ येईपर्यंत नेला तर ५ ते ३० रेपमध्ये कुठेही वाढ होते. निव्वळ ताकद हवी असेल तर पुढे जड वजन आणि कमी रेपकडे वळावं लागतं.

दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. मोठ्या व्यायामांना तीन. २०१६ साली आठ आठवड्यांच्या एका अभ्यासात एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकदही जास्त वाढली आणि स्नायूही. घाम जास्त गाळणारा जिंकतो असं नाही. श्वास मात्र रोखून धरू नका, उचलताना सोडा.

वजन कधी वाढवायचं? तिन्ही सेटमध्ये १२ रेप नीट आले, आणि पुढच्या खेपेलाही आले, की थोडं वाढवा. २ ते १० टक्के पुरे. हाताच्या व्यायामांना कमी, पायांच्या व्यायामांना जास्त. रेप पुन्हा ८-९ वर येतील, तिथून परत चढायचं. वजन असं टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची रीत वैद्यकात रुजवली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे गुडघे सुधारताना त्याने ती वापरली. आधी तो दहा रेपचे सात ते दहा सेट करून घेत असे. १९४८ साली वॉटकिन्स या सहकाऱ्यासोबत लिहिताना तो तीन सेटवर आला. आज जिमच्या फळ्यावर दिसणारे 'तीन सेट, दहा रेप' बरेचसे तिथून आलेले आहेत.

पायरी ५: वारांमध्ये अंतर ठेवा, दुखण्याचा अर्थ समजून घ्या

सगळ्या अंगाचा व्यायाम करत असाल तर मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडा. सोमवार-बुधवार-शुक्रवार हे सोयीचं म्हणून रूढ झालंय, त्यात जादू काही नाही. मंगळवार-गुरुवार-शनिवारही तेवढंच चालतं. क्वचित दोन दिवस लागोपाठ आले तर आकाश कोसळत नाही.

पहिल्या आठवड्यात अंग दुखणार. व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त दुखतं आणि जिना उतरताना विशेष जाणवतं. दुसऱ्यांदा तोच व्यायाम केला की दुखणं बरंच कमी होतं, कारण स्नायू त्या ताणाला लवकर सरावतो. नेमकं इथेच आठवड्यातून एकदा करणाऱ्यांचं नुकसान होतं. मध्ये जास्त दिवस गेल्याने दर खेपेला थोडं नव्याने दुखतं, आणि दुखतंय म्हणजे व्यायाम लागू पडतोय असा गैरसमज पक्का होतो.

दुखणं हे वाढीचं माप नाही. २०१६ साली दमास आणि सहकाऱ्यांनी नवख्यांमध्ये दहा आठवडे मोजमाप केलं. पहिल्या खेपेला प्रथिनं बांधण्याचा वेग सगळ्यात जास्त होता, पण तो मुख्यतः झालेली मोडतोड दुरुस्त करण्यात जात होता. मोडतोड कमी झाल्यावरच त्या वेगाचा आणि स्नायूच्या वाढीचा मेळ बसला. म्हणजे अंग मोडेपर्यंत व्यायाम करून पहिल्याच महिन्यात स्वतःवर विजय मिळवायची गरज नाही.

हलकं दुखत असेल तर ठरल्या दिवशी जा, वॉर्मअपमध्येच बरंच मोकळं होतं. इतकं दुखत असेल की हालचाल पूर्ण होत नाही, तर एक दिवस पुढे ढकला. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम थांबवा आणि हालचाल तपासून घ्या. आणि एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका: अतिश्रमानंतर स्नायू प्रचंड सुजले आणि लघवी गडद, चहासारखी झाली, तर तडक रुग्णालय गाठा. स्नायू मोडून त्यातले घटक रक्तात उतरल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंडाला त्याने इजा होते. ज्यांना सराव नाही आणि पहिल्याच दिवशी चढाओढीत शेकडो बैठका मारल्या, त्यांना हा धोका विशेष.

पायरी ६: वही ठेवा

फोनमध्ये ठेवा, कागदावर ठेवा, पण ठेवा. एवढंच लिहायचं:

स्क्वॉट, १४ किलो: १२, ११, ९
रो, १० किलो: १२, १२, १०
प्लँक: ४०, ३५, ३० सेकंद

पुढच्या खेपेला यातला कुठलातरी एक आकडा वर सरकवायचा. ९ चे १० झाले तरी ती प्रगती. वहीशिवाय 'गेल्या वेळी किती उचललं होतं' याचं उत्तर दरवेळी अंदाजाने निघतं, आणि अंदाज नेहमी आपल्या सोयीचा असतो.

तीन आठवडे एकही आकडा हलला नाही, तर लगेच दिवस वाढवायला धावू नका. आधी बघा, सेट खरंच शेवटाजवळ जातात का. मग झोप. रोज पाच तास झोपून आठवड्याला चौथा दिवस जोडणाऱ्याचं काही भलं होत नाही. मग प्रथिनं. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनांचा जास्तीचा फायदा दिसला नाही. ६० किलोच्या माणसाला म्हणजे साधारण ९६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. हे सगळं जागेवर असेल, तर रेंगाळलेल्या स्नायूला आठवड्याला दोन-तीन सेट जास्त द्या. तेही पुरलं नाही, मगच दिवसांकडे या.

पायरी ७: चौथा दिवस केव्हा?

दोन खुणा आहेत. एक, सगळं उरकायला दीड तासाच्या वर वेळ जायला लागतो. दोन, यादीतला शेवटचा व्यायाम कायम मार खातो आणि त्याचे आकडे वहीत सरकतच नाहीत. तोवर किमान सहा महिने गेलेले असतील.

मग चार दिवस घ्या: दोन दिवस कमरेच्या वरचं अंग, दोन दिवस खालचं. यात एक गंमत लक्षात घ्या. तीन दिवस सगळं अंग करताना प्रत्येक स्नायूला तीनदा काम मिळत होतं, चार दिवसांत ते दोनदाच मिळतं. दिवस वाढले आणि वारंवारता कमी झाली! तरी चालतं, कारण प्रत्येक खेपेला सेट जास्त बसतात आणि एकूण काम वाढतं. जिममध्ये ज्याला पुश-पुल-लेग्ज म्हणतात (ढकलणं, ओढणं आणि पाय यांना वेगवेगळे दिवस), तेही तसंच. सहा दिवस केलं तर प्रत्येकाला दोनदा, तीनच दिवस केलं तर एकदाच. त्यामुळे तीन दिवस जाणाऱ्या नवख्याने पुश-पुल-लेग्जच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

एखाद्या ठराविक लिफ्टमध्येच (वजन उचलण्याच्या एकाच प्रकारात) ताकद हवी असेल, समजा बेंच प्रेस, तर गणित थोडं वेगळं. ती लिफ्ट आठवड्यातून दोनदा-तीनदा करा, पण प्रत्येक वेळी जीव काढू नका. एक दिवस जड आणि कमी रेप, एक दिवस मध्यम, एक दिवस हलकं वजन घेऊन नुसती सफाई. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगवाले त्याच दोन लिफ्ट आठवड्यातून अनेकदा करतात ते याच कारणाने. प्रशिक्षक इव्हान अबाजिएव्ह यांच्या हाताखालचे बल्गेरियन लिफ्टर तर दिवसातून अनेकदा जवळपास कमाल वजन उचलत. ते बघायला छान आहे. करायला नको.

वयस्करांसाठी दोन दिवस हा पाया तोच. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना त्याशिवाय आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद मिळून व्यायाम करायला सांगते. एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं हे त्यात छान बसतं.

पायरी ८: खंड पडला तर

पडणारच. एखादा वार चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायला जाऊ नका. यादी जिथे थांबली तिथून पुढे चालू करा. अ राहिला असेल तर पुढच्या खेपेला अ, वार कुठलाही असो. हा अ-ब पद्धतीचा मोठा फायदा, कारण पायांचा असा वेगळा वारच नसतो.

परीक्षा, बदली असे महिने येणार असतील तर आठवड्यातून एका दिवसावर या, पण वजन कमी करू नका. सेट कमी करा. २०११ साली बिकेल आणि सहकाऱ्यांनी लोकांकडून १६ आठवडे आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेतला आणि पुढचे ३२ आठवडे काहींचं काम मूळच्या एक नवमांशावर आणलं. आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. २० ते ३५ वयाच्या लोकांचे कमावलेले स्नायू एवढ्यावरही टिकले. ६० ते ७५ वयाच्या गटात मात्र ते टिकले नाहीत. तेव्हा वय जास्त असेल तर एक दिवसावर फार काळ राहू नका, दोन दिवस पकडून ठेवा.

अजिबातच बंद पडून तीन-चार आठवडे झाले असतील, तर परत आल्यावर पहिला आठवडा प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, वहीतल्या वजनाच्या साधारण ७० टक्क्यांवर. दुसऱ्या आठवड्यात दोन सेट, ८५ टक्के. तिसऱ्या आठवड्यात जुनं वजन बारवर चढवा आणि रेप किती येतात ते लिहून ठेवा.